अपूर्णांक सोडून द्यावा

गुरुवारी साडेसातला हडपसरच्या मॉलमध्ये
तिसऱ्या मजल्यावरच्या सहा लेन आमच्या.
मी खेळत नाही. गुडघे.
मी वही सांभाळते.
सहकारी बँकेत एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले,
आता पडलेल्या पिना मोजते.

नियम साधा आहे, नवख्यांना पाढ्यासारखा म्हणून दाखवते:
दोनशेतून सरासरी वजा करा,
उरेल त्याचे ऐंशी टक्के, ते तुमचं हँडिकॅप.
अपूर्णांक सोडून द्यावा.
म्हणजे काल आलेली कॉलेजातली पोरगी
आणि वीस वर्षं स्वतःचा बॉल पुसत आलेला माणूस
एकाच रेषेवरून सुटतात.
कागदावर तरी.

यशोधन पानसे. सरासरी एकशे चोवीस, हँडिकॅप साठ.
सामना हातचा गेला की
याची कोपऱ्यातली दहावी पिन हमखास उभी.
उधारी थकलेल्या दुकानावरून माणूस जातो
तसा बॉल तिच्या शेजारून निघून जातो.
"आज लागतच नाहीये हो, काकू."
बाद फेरीत मात्र एकशे अडुसष्ट.
मला सगळं दिसतं.
पण वहीत रकाने चारच: नाव, गेम, बेरीज, भागाकार.
मनात काय होतं ते कुठे लिहू?

निसार तांबोळींचं उलटं.
चोपन्न गेम, सरासरी एकशे एकाहत्तर.
मग भोसरीच्या चौकात स्कूटर घसरली,
उजव्या खांद्यात पट्टी आणि सहा स्क्रू.
चार महिन्यांनी आले ते डाव्या हातानं टाकायला लागले,
आठ पौंडांचा बॉल, लहान पोरांचा, नारिंगी.
अठ्ठ्याऐंशी. एकशे दोन. गटर. परत गटर.
सहा गेमची बेरीज पाचशे शहात्तर.

मी भागाकार केला. पुन्हा केला.
एकशे साडेत्रेसष्ट.
हा कोण माणूस?
उजव्या हाताचा हा नव्हे, डाव्याचाही नव्हे,
माझ्या वहीखेरीज कुठेच राहत नाही,
आणि त्याच्या नावावर तांबोळींना मिळतात एकोणतीस.
मिळायला हवेत त्र्याऐंशी.

मी म्हटलं, "तांबोळी, कमिटीपुढे मांडते.
हात बदलला की जुनं खातं बंद,
नवं उघडायचं. न्यायाचं तेच आहे."
ते बूट सोडत होते,
नाडीचं एक टोक दातात धरून.
तोंड मोकळं झालं तेव्हा म्हणाले,
"नको ताई. बंद नका करू.
दर गुरुवारी थोडा थोडा कमी होतोय तो,
होऊ दे.
एकदम खोडलात तर वाटेल,
तो कधी खेळायला आलाच नव्हता."

उपांत्य सामन्यात तांबोळींचा संघ एका पिनेनं हरला,
पानसेच्या संघाकडून. दुसऱ्या कुणाकडून हरणार?

एक सांगते. सोडून दिलेले अपूर्णांक
मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते.
कुणी सांगितलेलं नाही, बँकेची खोड.
त्या रात्री त्यांच्या चौघांचे:
शून्य दशांश सहा, दोन, आठ, चार. बेरीज दोन.
पानसेच्या चौघांचे मिळून एक.
म्हणजे बरोबरी.

पान कुणाला दाखवलं नाही.
पानसे चहा पाजत होता सगळ्यांना,
तांबोळींच्या कपाखाली बशी त्यानंच धरली होती,
ते डाव्या हातानं फुंकर घालून पीत होते,
आणि लेनच्या टोकाशी यंत्र
दहाच्या दहा पिना परत उभ्या करून ठेवत होतं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
"पाच रुपये सुट्टे नाहीत, राहू द्या ना आजी."
मी उतरेपर्यंत मागत राहिले.